‘दिसलं ते सांग, वाटलं ते नको’: गोष्टीतल्या घोड्याकडून तबेल्यातल्या घोड्याकडे

लहानपणी घोड्यांच्या गोष्टी वाचून ज्यांचं डोकं फिरलं आणि अजून ठिकाणावर आलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. रिकिबीत पाय कसा घालायचा, घोड्याच्या मागून का जायचं नाही, खरारा कुठल्या दिशेने करायचा हे तुम्हाला येतं असं धरून चालते. येत नसेल तर ते कुठेही शिकता येईल. मला सांगायचंय ते कुठल्याही अभ्यासक्रमात सापडलं नाही. ते मला एका घोडीच्या जिवावर शिकावं लागलं.

त्या गोष्टी तुम्हीही वाचल्या असतील. एक एकलकोंडी मुलगी, एक बिथरलेला घोडा. मोठमोठे गडी त्याला आवरू शकत नाहीत, दुगाण्या झाडून तो सगळ्यांना पळवून लावतो, आणि ही पोर कुंपणाशी नुसती उभी राहिली की तो मान खाली घालून तिच्या तळहातावर नाक टेकतो. शेवटी शर्यत किंवा वादळ. दोन्हींत तो फक्त तिचंच ऐकतो. माझ्याकडच्या अशा पुस्तकांची मुखपृष्ठं निघून आली होती, इतकी मी ती वाचली. त्या दोनशे पानांत लीद कोण काढतं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. (एक घोडा दिवसाला पंधरा-वीस किलो टाकतो. वीस घोड्यांचा हिशेब तुम्हीच करा.)

चोविसाव्या वर्षी मी तबेल्यात कामाला लागले. उशीरच म्हणायचा, पण उशिरा येणाऱ्यांनी घाबरू नये. पंधराव्या वर्षी आलेली किती तरी पोरं पाठ आणि गुडघे धरून पंचविशीत निघून गेलेली मी पाहिली आहेत. पहिला महिना अंग मोडून निघतं. हाताला घट्टे पडतात, रात्री चमचा धरवत नाही. ते जातं, अगदी खरंच जातं. आणि म्होरकीचा (घोड्याच्या तोंडावरच्या पट्ट्यांचा) दोर हाताला कधीही गुंडाळू नका. हे एकदाच सांगते, कारण बोट गेलेल्या माणसाला ते दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

आता ती रात्र.

कामाला लागून सात-आठ महिने झाले होते. एक कुमाईत, म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची घोडी माझ्याकडे होती. शेजारच्या ठाणावरची (बांधायच्या जागेवरची) तिची जोडीदारीण त्याच दिवशी दुसरीकडे हलवली होती. संध्याकाळी मी चंदी घेऊन गेले तर घोडीने दोन घास खाल्ले आणि तोंड बाजूला केलं. पुढच्या पायाने पेंढा उकरला. मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहिलं. थोड्या वेळाने खाली बसली, उठली, परत बसली. वरचा ओठ मधूनच दुमडायची. आणि मला सगळं लख्ख कळलं: तिला मैत्रिणीची आठवण येत होती! मी तिच्या ठाणावर बसले. तिच्या मानेवर कपाळ टेकलं, तिच्याशी बोलले. एक तास. त्या तासाबद्दल मी वहीत दोन ओळीही लिहिल्या होत्या. त्या आज वाचायची माझी हिंमत नाही.

रात्रीच्या फेरीला मुख्य मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्यांतले मोठे काका आले. त्यांनी घोडीकडे पाहिलंच नाही, आधी जमिनीकडे पाहिलं.

“लीद कधी टाकली हिने?”

मला माहीत नव्हतं. दुपारपासून मी तिथे घोटाळत होते आणि मला एवढं माहीत नव्हतं. त्यांनी तिच्या कुशीला कान लावला, आधी डावीकडे, मग उजवीकडे. मग जबड्याखाली बोटं ठेवून नाडी मोजली. मिनिटाला साठच्या वर. पुढचं बोलणं त्यांनी थेट पशुवैद्यांशी फोनवर केलं. पोटशूळ होता. आतड्यात चारा अडकून बसला होता. नाकातून पोटापर्यंत नळी घातली, तेल सोडलं, दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं. पहाटे तीनच्या सुमाराला तिने मूठभर लीद टाकली आणि आम्ही चार माणसं ती बघून हसत होतो, रडत होतो. घोडी वाचली. आणखी दोन तास मी ‘आठवण’ ऐकत बसले असते तर कदाचित वाचली नसती.

हे मी मुद्दाम लांबवतेय, कारण इथेच घोडं पेंड खातं. घोड्याला उलटी करता येत नाही. अन्ननलिका जिथे पोटाला (जठराला) मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं वर येतच नाही. पाचशे किलोच्या जनावराचं पोट जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं. त्याच्यापुढचं मोठं आतडं मात्र प्रचंड, आणि त्याला एका जागी अगदी अरुंद वळण आहे. पाणी कमी पडलं, वैरण कोरडी आली किंवा घोडा दिवसभर ठाणावर बांधून राहिला, तर गाडी बहुधा तिथेच अडते. ‘घोडा का अडला? न फिरवल्यामुळे’ हे आपण कोडं म्हणून पाठ करतो, ते तबेल्याच्या भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे. अशा पोटात कळ आली की घोडा काय करतो? खात नाही, जमीन उकरतो, कुशीकडे बघतो, ओठ दुमडतो, बसतो, उठतो, लोळतो. मी पाहिलं होतं तेच, एकूण एक. डोळ्यांनी काही चुकवलं नव्हतं. डोळ्यांनी पाहिलेल्याची मी गोष्ट केली.

सकाळी चंदी कालवताना काकांनी विचारलं, “काल काय दिसलं तुला?”

“ती उदास होती.”

“उदास दिसत नाही. दिसलं ते सांग, वाटलं ते नको.”

“तिला करमत नव्हतं.”

“पोरी, दिसलं ते.”

तिसऱ्या खेपेला माझ्या तोंडून ‘पाय उकरत होती’ निघालं. ते म्हणाले, “हे मला साडेसहाला कळायला हवं होतं.” बस्स. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं.

तुम्हीही हेच करणार आहात, म्हणून आत्ताच सांगते. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना घोडा कान पाडून चावायला येतो, तुम्ही म्हणाल रागीट आहे. पोटात व्रण असतील, खोगीर पाठीत रुतत असेल, ते कोण बघणार? चालताना मागच्या एका खुराचं टोक जमिनीला घासतं, तुम्ही म्हणाल आळशी. लगाम घालू देत नाही, तुम्ही म्हणाल हट्टी, आणि दाढेची धार रोज त्याचा गाल कापत असते. उलटही होतं. तुम्हाला बघून खिंकाळतो, तेव्हा तुमच्या हातात बादली असते. तुमच्या खांद्यावर डोकं घासतो, कारण म्होरकीखाली घामाने खाज सुटलेली असते. वाईट वाटलं? मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

उपाय कंटाळवाणा आहे. तुमचा घोडा निवांत असताना त्याचे आकडे पाठ करा: नाडी मिनिटाला साधारण 28 ते 44, श्वास 8 ते 16, अंगाचं तापमान 37.2 ते 38.3 अंश सेल्सिअस. पण पुस्तकातल्या आकड्यांपेक्षा त्याचे स्वतःचे आकडे महत्त्वाचे. एखाद्याची नाडी रोज 32 असेल तर 44 म्हणजे धोक्याची घंटा. पाणी किती प्यायला, लीद किती वेळा आणि कशी, चंदी किती उरली हे लिहा. साधारण तीस-चाळीस लिटर पिणाऱ्याने दहा लिटरच प्यायलं तर तो तुम्हाला काहीतरी सांगतोय. नाडी साठच्या वर गेली तर वाट बघू नका, फोन करा.

म्हणून काय ती पुस्तकं जाळायची? नाही! त्या संध्याकाळी मी त्या ठाणापाशी थांबले ते त्या पुस्तकांमुळेच. बाकीचे दोघं चंदी ओतून पुढे गेले होते. काहीतरी बिनसलंय हे मला ‘वाटलं’ होतं, आणि ते वाटणं खरं होतं. फक्त वाटल्यावर बघायचं असतं, मी तिथेच रमले.

शिवाय घोड्यांच्या पुस्तकांतलं सगळ्यात गाजलेलं पुस्तक मुळात मुलांसाठी नव्हतंच. अॅना स्यूएलने ‘ब्लॅक ब्यूटी’ लिहिलं ते घोड्यांबरोबर काम करणाऱ्यांसाठी, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी. चौदाव्या वर्षी पडून तिचे पाय अधू झाले, आणि जन्मभर तिचं हिंडणं-फिरणं घोडागाडीवरच राहिलं. 1877 मध्ये हे एकच पुस्तक निघालं आणि पुढच्याच वर्षी ती गेली. घोडा स्वतः बोलतो, पण त्याचं बोलणं नीट ऐका: मान जबरीने वर ओढून ठेवणारा लगाम, त्याने चढावर होणारी ओढाताण, तोंडाला येणारा फेस. सगळं दिसणारं. त्यात एक नवखा पोरगा दौडून आलेल्या तापल्या घोड्याला गार पाणी पाजतो, वर झूल घालत नाही, आणि घोडा मरता मरता वाचतो. पोरगा दुष्ट नसतो, त्याला माहीत नसतं एवढंच. ते प्रकरण मी लहानपणी घाईघाईने उलटलं होतं. आता ते माझ्यावरच लिहिलंय असं वाटतं. मात्र त्यातला उपाय आज पाळू नका. तापलेल्या घोड्यावर भरपूर गार पाणी ओतणं हीच आता मान्य पद्धत आहे, आणि त्याला पाणी पिऊ द्यायलाही हरकत नसते. जुन्या पुस्तकातून नजर घ्यावी, औषध घेऊ नये.

‘तो फक्त माझंच ऐकतो’ याबद्दल मी जरा कडवट बोलणार आहे. असं म्हणणारा नवखा माणूस मला दिसला की मी त्याला दुसऱ्या घोड्यावर टाकते. ज्याला एकच माणूस हात लावू शकतो, त्या घोड्याचं त्या माणसाला ताप आला की काय होणार? विकला गेला तर? कोणीही खूर उचलू शकेल, कोणीही म्होरकी घालू शकेल असा घोडा घडवणं, ही त्याच्यावरची खरी माया. गोष्टीत ती शोभून दिसत नाही, इलाज नाही.

कामं कुठली हे थोडक्यात, कारण यादी तुम्ही आधीच काढून बसला असाल. स्वार, प्रशिक्षक, पशुवैद्य ही नावं सगळ्यांना सुचतात. नालबंदाचं सुचत नाही. खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी कापावेच लागतात, घोडा शर्यतीचा असो की म्हातारा होऊन नुसता चरत असो. त्यामुळे चांगल्या नालबंदाला काम शोधत जावं लागत नाही. कंबर मात्र जाते. खोगीर शिवणारे, घोड्याच्या दातांची धार घासून काढणारे, शिंगरू जन्मायच्या वेळी रात्र रात्र जागणारे (अकरा महिने वाट बघून ते नेमकं तुमची पापणी मिटल्यावरच येतं), घोड्यावर बसवून आजारी माणसांना उपचार देणारे, ही सगळी खरी कामं आहेत.

आणि दोन दिवसांत ‘घोड्याची भाषा’ शिकवून प्रमाणपत्र देणाऱ्यांपासून लांब राहा. वीस मिनिटांच्या चित्रफितीत बिथरलेला घोडा शांत होतो, पण त्यातून कापून टाकलेले तीन आठवडे कोणी दाखवत नाही. गुरू निवडायचा तर तो ठाणात शिरल्यावर आधी कुठे बघतो ते बघा. ‘तुझ्यात हे उपजत आहे’ असं पहिल्याच आठवड्यात म्हणणाऱ्याला सांभाळून राहा. मला एकाने ते सांगितलं होतं, आणि त्या एका वाक्यावर मी दीड वर्ष फुकट राबले, आठवड्याला अर्धा तास घोड्यावर बसायला मिळायचं म्हणून. पगार, कामाचे तास, सुट्टी, विमा हे कागदावर घ्या. मागताना जीभ अडखळेल. माझी अजून अडखळते.

भीती वाटते का? वाटते. लाथ बसल्यावर महिनाभर मी प्रत्येक ठाणात श्वास धरून शिरायचे, आणि घोड्यांना तो धरलेला श्वास कळतो. मग मी त्या कुमाईत घोडीकडे जायचे. तिच्या कुशीला कान लावायचा. आत गुडगुड, मग दूरवर पाणी वाहिल्यासारखा लांब आवाज, मग शांतता, परत गुडगुड. एवढं ऐकलं की माझा श्वास आपोआप सुटायचा. गोष्टीतल्या कुठल्याच मुलीने घोड्याचं पोट ऐकलं नव्हतं. मुलांसाठी घोड्याची गोष्ट लिहायची इच्छा असेल तर आधी एक महिना लीद काढा आणि हे ऐका.

गेल्या आठवड्यात एक नवी मुलगी पळत आली. “ती पांढरी नाराज आहे,” म्हणाली, आणि माझा चेहरा बघून थांबली. “पुढचा डावा पाय पुढे काढून उभी आहे. वजन टाकत नाहीये.” मागचा पाय सैल सोडून उभं राहणं रोजचंच असतं, पुढचा मात्र नाही. आम्ही जाऊन खूर उचलला. खडा नव्हता, जखम दिसत नव्हती. हात लावला तर खुराची बाहेरची भिंत गरम, दुसऱ्या खुरापेक्षा स्पष्ट गरम. आत पू धरला असणार. मी नालबंदाला आणि पशुवैद्यांना फोन लावेपर्यंत तिने वहीत नोंद केली होती: ‘6.40. पु. डावा पाय पुढे. खूर गरम. चंदी संपवली.’ त्याच्याखाली बारीक अक्षरात ‘नाराज वाटते’ असंही होतं. ते मी खोडलं नाही.