इंग्रजीत वाद घालताना 'अवघड आहे' म्हणायचंय? या चुका टाळा

कोल्हापूरच्या हद्दवाढीवर इंग्रजीतून वादविवाद आहे असं समजा. समोरच्याचा मुद्दा टिकणार नाही, हे सांगायला तयार वाक्प्रचार भरपूर आहेत. घोळ होतो तो अडचण कोणाची, हे न ठरवता ते वापरल्यामुळे.

'यू वुड बी हार्ड-प्रेस्ड टु प्रूव्ह दॅट' म्हणजे ते सिद्ध करताना तुमची दमछाक होईल. 'टु'पुढे मूळ क्रियापदच येतं, 'फॉर प्रूव्हिंग' चालत नाही. 'हार्डली प्रेस्ड' तर मुळीच नको. 'हार्डली' म्हणजे जेमतेम, त्यामुळे अर्थ उलटा होतो. सगळ्यात महागात पडतं ते 'आय ॲम हार्ड-प्रेस्ड टु डिसॅग्री'. ऐकायला ते विरोधासारखं वाटतं, पण त्याचा अर्थ 'मला विरोध करणं जड जातंय' असा आहे. म्हणजे मुद्दा तुम्हीच मान्य केलात.

'टफ रो टु हो'मध्ये 'रो'च्या जागी 'रोड' हमखास येतो. 'रो' म्हणजे पिकाची ओळ आणि 'हो' म्हणजे लांब दांड्याचं खुरपं. तणानं भरलेली उसाची सरी आणि समोर अख्खी भांगलण बाकी, हे चित्र डोळ्यांपुढे ठेवलं की चूक होत नाही. रस्ता कोण भांगलतं? काम अशक्य नाही, चिवट आहे, एवढाच त्याचा अर्थ. कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ व्हावं ही मागणी कित्येक वर्षं लावून धरावी लागली, तेव्हा 18 ऑगस्ट 2025 रोजी सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं. त्या लढ्याला हा वाक्प्रचार शोभतो.

'डझन्ट हॅव अ लेग टु स्टँड ऑन'ला आपली 'लंगडी बाजू' समजू नका. लंगड्या बाजूला थोडा तरी आधार असतो, इथे काहीच नसतो. मुद्दा नुसता ओढूनताणून आणलेला असेल तर 'दॅट्स अ बिट ऑफ अ स्ट्रेच' पुरेसं आहे.

'हद्दवाढ शहराच्या हिताची आहे, कारण तिनं शहराचं भलं होईल.' जे सिद्ध करायचं तेच इथे गृहीत धरलंय. 'बेग्ज द क्वेश्चन' म्हणतात ते यालाच. नुसता 'प्रश्न उभा राहतो' म्हणायचं असेल तर 'रेझेस द क्वेश्चन' म्हणा. वर्तमानपत्रांत दोन्हींची सरमिसळ दिसते, पण जाणकार परीक्षक ती पकडतात.

'मूट पॉइंट' मात्र जपून वापरा. ब्रिटिश वळणात तो 'वादाचा मुद्दा', अमेरिकन वळणात 'आता निरर्थक झालेला मुद्दा'. विधी महाविद्यालयातल्या 'मूट कोर्ट'मध्ये, म्हणजे सरावाच्या लुटुपुटूच्या न्यायालयात, पहिला अर्थ आहे. ऐकणारे कोणत्या वळणाचे आहेत ठाऊक नसेल, तर सरळ 'डिबेटेबल' म्हणा.