वॅट नंतर, आधी ओहम बघा

सबवूफर (जड आवाजाचा स्पीकर, थोडक्यात सब) आणि त्याला चालवणारा ॲम्प घेताना गिऱ्हाईक वॅट, म्हणजे ताकद विचारतं, मी ओहम, म्हणजे विजेला होणारा रोध विचारतो. मोनो (एकाच चॅनेलच्या) ॲम्पवर ‘किमान २ ओहम’ लिहिलंय ना? मग जोडलेल्या सबचा एकूण रोध त्याखाली जाऊ द्यायचा नाही. ॲम्प तापतो, धोक्याचा ‘प्रोटेक्ट’ दिवा लागतो.

४-४ ओहमच्या दोन कॉइलचा (आतल्या तारेच्या वेटोळ्यांचा) एकच सब असेल तर सोपं: प्लसला प्लस, मायनसला मायनस, म्हणजे पॅरलल, झाले २. असे दोन सब असले तर सगळं पॅरलल करू नका, १ ओहम होतो. प्रत्येक सबमध्ये एका कॉइलचा मायनस दुसरीच्या प्लसला जोडा, म्हणजे ८; मग दोन्ही सब पॅरलल, ४ ओहम. ताकद थोडी कमी मिळेल, पण ॲम्प निवांत चालेल.

ॲम्पला तारा लावण्याआधी सबच्या तारांना मल्टिमीटर (रोध मोजायचं यंत्र) धराच. ४ च्या जागी ३.६ दिसलं तर घाबरू नका, मीटर दाखवतो तो डीसी रेझिस्टन्स, लिहिलेल्या ओहमपेक्षा थोडा कमीच असतो. १ च्या आसपास दिसलं तर मात्र सबचा डबा पुन्हा उघडा, जोडणी तपासा.