फ्लू आणि पोटरीच्या दुखापतीनंतर हिवाळ्यात पळणं पुन्हा सुरू झालं ते असं (माझा अनुभव)

आधी फ्लू, मग पोटरीचा स्नायू ताणला गेला. सात आठवडे पळणं बंद. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही पहाटे गजर बंद करून मी पुन्हा पांघरुणात.

जुना ५ किलोमीटरचा पल्ला, नवे बूट, मित्राला दिलेला शब्द, सगळं करून पाहिलं. काहीच आठवड्यापुढे टिकलं नाही. स्वतःचा फार राग यायचा.

खरी अडचण थंडीपेक्षा घड्याळाची होती. काही आठवडे पळणं थांबलं की दमसास घटतोच, आणि मी रोज जुन्या वेगाशी तुलना करत होतो.

म्हणून पहिल्यांदा घड्याळावर वेग दिसणं बंद केलं. मग पळायची वेळ पहाटेऐवजी दुपारी, ऊन असताना ठेवली. त्यानंतर घरातच ८ मिनिटं वॉर्म-अप: जागच्या जागी चालणं, पायऱ्यांची चढ-उतार, टाचा उचलण्याचे १५-१५चे दोन सेट. अंग गरम झाल्याशिवाय दार उघडायचं नाही. माझ्या मते हीच पायरी निर्णायक ठरली, कारण बाहेरची थंडी मग बोचत नाही आणि पोटरीही आखडलेली नसते.

बाहेर १ मिनिट हळू पळणं, २ मिनिटं चालणं, असे ६ फेरे, आठवड्यातून तीनदा, दिवसाआड. वेग गप्पा मारता येतील इतकाच. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटरी दुखली नाही, तरच पुढच्या आठवड्यात पळण्याचा भाग अर्ध्या मिनिटाने वाढवायचा. छातीत दुखलं किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर थांबून डॉक्टरांकडे जायचं.

आता पाचवा आठवडा, ३ मिनिटं पळणं आणि २ मिनिटं चालणं. अजून एकही दिवस चुकलेला नाही.