नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवर छोट्या ग्रुपबरोबर जाताना

आधी महिना ठरवा, मग टूर. मध्यरात्रीचा सूर्य बघायचा तर मेअखेर ते जुलैचा मध्य. ऑरोरासाठी (आकाशातल्या ध्रुवीय प्रकाशासाठी) अंधार लागतो, म्हणजे साधारण सप्टेंबर ते मार्च. दोन्ही एका फेरीत होत नाही, एजंट काहीही म्हणो. मी जूनमध्ये गेले, डोळ्यांवरची पट्टी विसरले आणि पहिल्या रात्री ओढणी बांधून झोपले.

बुकिंगआधी एवढंच विचारा: मुक्काम किती ठिकाणी? रोज बॅग भरायची असेल तर ती टूर सोडा. राइने गावात सलग तीन रात्री मिळाल्या तर उत्तम, आणि त्याही रोर्बूमध्ये. पाण्यात खांबांवर उभी असलेली ही लाल लाकडी घरं मूळची हिवाळ्यात कॉड पकडायला येणाऱ्या कोळ्यांची. जवळच ऑ, एका अक्षराचं गाव. वाटेत लाकडी मांडव दिसतील: कॉडच्या जोड्या शेपटीला बांधून, मीठ न लावता, नुसत्या वाऱ्यावर वाळवतात. मांडव भरलेले बघायचे तर मार्च-एप्रिल गाठा. मला बहुतेक रिकामेच दिसले. वास मात्र होता.

मुख्य भूमीवरच्या बोडोहून लोफोटेनमधल्या मोस्केनेसला जाणारी फेरीबोट तीन-चार तास घेते. उलटीची गोळी चढण्यापूर्वी घ्या, मळमळायला लागल्यावर नव्हे.

राइनेब्रिंगेन या डोंगराची चढण ४४८ मीटर. नेपाळी शेर्पांनी रचलेल्या दगडी पायऱ्या आहेत, पण गुडघे दुखतात ते उतरताना. काठ्या न्या. गाइड पावसात नको म्हणाला तर हुज्जत घालू नका, खाली कॉफी प्या.