पराशेतून आजचा अर्थ काढताय? मग या चुका टाळा

दर शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, सिनेगॉगमध्ये (प्रार्थनामंदिरात) तोराचा, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांचा, एक भाग वाचतात, ती त्या आठवड्याची पराशा. असे एकूण ५४ भाग, आणि सिम्हात तोरा या सणाला शेवटचा संपला की त्याच दिवशी पुन्हा पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून सुरू. म्हणजे दरवर्षी त्याच गोष्टी, आणि ज्याला त्यावर चार शब्द बोलायचेत तो गुरुवारी रात्री डोकं खाजवत बसतो की यंदा नवीन काय सांगू. गडबड बहुतेक वेळा इथेच होते, बोलायचं काय ते आधीच ठरलेलं असतं आणि पराशा नंतर उघडली जाते.

बाबेलचा बुरूज घ्या. नोहाच्या पराशेत ही गोष्ट जेमतेम ९ वचनांची. पटकन सांगून मोकळे होतात, माणसाला गर्व झाला, आभाळाला भिडणारा बुरूज बांधायला घेतला, देवाने भाषा वेगळ्या केल्या, गर्व करू नका, झालं. अहो पण जरा हळू वाचा ना, तिथे दगडाऐवजी भाजलेल्या विटा आणि चुन्याऐवजी डांबर वापरलं असं लिहिलंय. एवढ्याशा गोष्टीत बांधकामाचं मटेरियल कशाला सांगतायत? 'पिर्के दे रब्बी एलिएझर' हा मिद्राश (रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, तोराच्या गोष्टींवर रचलेल्या कथा) बरोबर त्या विटांपाशीच येतो. तो सांगतो की विटा घेऊन पूर्वेकडून चढायचं आणि पश्चिमेकडून उतरायचं, आणि वरून माणूस पडून मेला तर कोणी ढुंकूनही बघायचं नाही, पण एक वीट पडली की सगळे बसून रडायचे, आता हिच्या जागी दुसरी कधी वर येणार म्हणून! हे वाचल्यावर बांबूच्या परांचीवर बेल्ट न लावता चढलेला मजूर डोळ्यासमोर येतोच, त्याला वेगळं 'आजच्या काळाशी रिलेट' करायला लागत नाही. फक्त ती वीट आपल्याला आधी खटकायला हवी, नाहीतर मिद्राश नुसता मसाला होतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे मिद्राशमधली गोष्ट तोरात आहे म्हणून ठोकून देणे. अब्राहामाने बापाच्या मूर्ती फोडल्या आणि काठी मोठ्या मूर्तीच्या हातात दिली, ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली असते, पण पूर्ण तोरा पालथी घातली तरी सापडणार नाही, ती 'बरेशीत रब्बा' या मिद्राशमधली आहे. ११ व्या शतकातल्या राशी नावाच्या भाष्यकाराने तोरावरच्या आपल्या भाष्यात असे कितीतरी मिद्राश घेतलेत, त्यामुळे दोन्ही इतकं एकजीव झालंय की शिकलेली माणसंही फसतात. भर घालण्यात वाईट काही नाही हो, १९ व्या शतकाच्या शेवटी बेने इस्राएल मंडळी, म्हणजे आपल्याकडचे मराठी ज्यू, याच गोष्टींवर मराठीत कीर्तनं करायची, आणि आख्यान रंगवायचं म्हटलं की भर आलीच. फक्त 'तोरात असं आहे' आणि 'मिद्राश असं सांगतो' हे वेगळं बोला, नाहीतर एखादा चुणचुणीत पोरगा विचारेल कुठल्या अध्यायात, आणि मग पंचाईत.

लेवीय या तिसऱ्या पुस्तकातला त्वचारोगाचा भाग आला की व्हॉट्सॲप फॉरवर्डवरचं भाषण ठरलेलंच. रब्बींनी तो रोग चहाडीशी जोडलाय हे खरं. पण समोर कोणी खरंच आजारी बसलेलं असेल तर? तुझ्या तोंडाने तुला रोग आणला असंच त्याला ऐकू जाणार. त्यापेक्षा त्याच मजकुरात याजक (पुरोहित) स्वतः छावणीबाहेर जाऊन रोग्याला बघतो ते सांगा, आणि गणना या चौथ्या पुस्तकात मोशेची बहीण मिर्याम हिला तो रोग झाला तेव्हा तिच्यासाठी अख्खा लवाजमा ७ दिवस थांबला ते सांगा, मला तरी हे जास्त जवळचं वाटतं.

सलाफहादच्या पाच मुलींचं तर अर्धवटच सांगतात. पिनहासच्या पराशेत त्या मोशेपुढे उभ्या राहून बापाच्या जमिनीत वाटा मागतात आणि देव म्हणतो त्यांचं बरोबर आहे, इथपर्यंत टाळ्या. पुढे मास्से पराशेत कुळाचे वडीलधारे येतात, की या बाहेरच्या वंशात लग्न करून गेल्या तर जमीन जाईल, आणि मग अट पडते, आपल्याच वंशात लग्न करा. हे गाळू नका! हक्कसोड पत्रावर सही केलेली एखादी आत्या समोर बसलेली असेल ना, तिला पहिल्या भागापेक्षा हा दुसरा भाग लगेच कळतो.

'ज्यू धर्म असं म्हणतो' हे वाक्यही जपून वापरा. बंडखोर मुलाला दगडमार करायचा नियम 'अनुवाद' या पाचव्या पुस्तकात आहे, त्यावर तालमूदमध्ये (रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात) एक मत म्हणतं असं कधी घडलं नाही आणि घडणारही नाही, तर रब्बी योनाथान म्हणतात मी त्याच्या कबरीवर बसलोय. दोन्ही मतं तिथेच छापलेली आहेत.

आणि एक साधी गोष्ट, तयारी करताना तारखेची पराशा नीट बघा. पेसाह (वल्हांडण) हा सण इस्राएलमध्ये ७ दिवस आणि बाहेर ८, तो आठवा दिवस शब्बाथला आला की दोन्हीकडच्या वाचनात एका आठवड्याचं अंतर पडतं. २०२२ मध्ये हे जवळपास तीन महिने चाललं, ठाण्यातली मावशी एक पराशा वाचतेय आणि इस्राएलात अश्दोदमधली भाची फोनवर पुढच्याच पराशेबद्दल बोलतेय. पराशा दाखवणाऱ्या ॲपमध्ये इस्राएल की बाहेर अशी सेटिंग असते, ती आधी तपासा.