फ्लेक्सवर चेहरा का फुटतो? फोटो छापायला देताना या चुका टाळा

शंकरपटाचा फ्लेक्स असो, लग्नाची पत्रिका असो की तेरवीचं कार्ड, मोबाईलवर चकचकीत दिसणारा फोटो छापून आला की चौकटी-चौकटी दिसतात. दोष बहुतेक वेळा मशीनचा नसतो, फोटोतच पिक्सेल, म्हणजे चित्र बनवणारे बारीक ठिपके, कमी असतात. हिशेब सोपा आहे: फोटोच्या एका बाजूचे पिक्सेल भागिले त्याच बाजूचे छापायचे इंच. हातात धरून बघायच्या पत्रिकेला दर इंची 300 पिक्सेल हवेत. चौकातल्या फ्लेक्सला 70-72 पुरतात, कारण तो लांबून बघतात.

सगळ्यात जास्त नुकसान व्हॉट्सॲपवर होतं. 12 मेगापिक्सेलचा फोटो 4000 × 3000 पिक्सेलचा असतो, म्हणजे पत्रिकेच्या दर्जाने 13 × 10 इंच छापता येतो. तोच साध्या पद्धतीने पाठवला की लांब बाजू साधारण 1600 वर येते आणि छपाई जेमतेम 5 इंचांवर अडकते. म्हणून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर पेनड्राइव्हवर न्या. स्टेटसचा स्क्रीनशॉट तर देऊच नका.

दुसरी चूक म्हणजे ग्रुप फोटोतून चेहरा कापणं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या अशा फोटोत एकाच्या चेहऱ्याच्या वाट्याला 150 पिक्सेल आले आणि फ्लेक्सवर चेहरा 3 फूट, म्हणजे 36 इंच केला, तर इंचाला फक्त 4 पिक्सेल पडतात. मूळ फाईल आणली तरी आकडा 10 च्या आसपासच राहतो. इथे कोणताही जुगाड चालत नाही, त्या माणसाचा जवळून नवा फोटो काढा. उभ्या फोटोत चेहऱ्याने 3000 पिक्सेल व्यापले तर इंचाला 83 मिळतात.

फोटोशॉपमध्ये दर इंची पिक्सेलचा आकडा 72 चा 300 केला की फोटो सुधारतो, हाही गैरसमज. तिथला ‘रीसॅम्पल’ हा पर्याय बंद असेल तर फक्त छपाईचा आकार लहान होतो. चालू असेल तर सॉफ्टवेअर मधले पिक्सेल अंदाजाने भरतं, हरवलेले बारकावे परत येत नाहीत.

आजोबांचा जुना फोटो फ्रेमच्या काचेवरून मोबाईलने काढू नका, ट्यूबलाइटची चमक उतरते. बाहेर काढून 600 डीपीआयवर, म्हणजे दर इंची 600 पिक्सेलवर, स्कॅन करा. 2 × 3 इंचाचा फोटो मग 4 × 6 इंचांपर्यंत नीट छापतो.

मजकूर फोटोशॉपमध्ये फोटोवरच लिहून जेपीजी करू नका, अक्षरांच्या कडा फुटतात. तो कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करा आणि फाईल देण्याआधी कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांच्या आकृत्यांमध्ये, बदला, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसला तरी मात्रा-वेलांट्या हलणार नाहीत. कापताना पांढरी कड राहू नये म्हणून पानाभोवती 3 मिमी जादा रंग सोडा. स्क्रीनवरचा भडक हिरवा-निळा कागदावर थोडा मळकटच येतो.

ऑनलाइन अर्जाचं गणित वेगळं आहे. तिथे डीपीआय नाही, पिक्सेल आणि केबी बघतात. 20 ते 50 केबी मागितलं असेल तर आधी पिक्सेल कमी करा, मग जेपीजीचा दर्जा. उलट केलं तर चेहऱ्यावर डाग पडतात. आणि अर्जासाठी बारीक केलेली ती फाईल पुढे पत्रिकेला वापरू नका, मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जपा.

छपाईला सोडण्याआधी कोरलड्रॉमध्ये फोटोवर क्लिक करा. खालच्या पट्टीत त्या आकाराला पडणारा डीपीआय दिसतो. काम छोट्या मापात केलं असेल, म्हणजे 10 फुटांचा फ्लेक्स 10 इंचांत, तर त्या आकड्याला 12 ने भागा.