ट्रोम्सो ते लाँगइयरब्येन: अंतर आणि वेळ काढताना या चुका टाळा

ट्रोम्सो नॉर्वेच्या पार उत्तरेला, आणि लाँगइयरब्येन त्याच्याही वर, स्वालबार्ड बेटांवर. दोन्ही विमानतळांमधलं हवाई अंतर सुमारे 960 किलोमीटर. हा आकडा स्वतः काढायला बसलात की गंमत कळते.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे अक्षांश-रेखांशांची अदलाबदल. ट्रोम्सो 69.68 उत्तर, 18.92 पूर्व, लाँगइयरब्येन 78.25 उत्तर, 15.47 पूर्व. अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढायचं सूत्र एक्सेलमध्ये टाकताना मी एकदा रकाने उलटे भरले. उत्तर आलं 990. म्हटलं, जमलं की! नंतर सहज ते बिंदू नकाशावर टाकले, तर ट्रोम्सो मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 330 किलोमीटरवर भर अरबी समुद्रात, आणि लाँगइयरब्येन आंध्रात नंद्यालच्या जरा अलीकडे. उत्तर इतकं जवळ आलं तो निव्वळ योगायोग. तेव्हापासून आधी बिंदू नकाशावर बघतो, मग सूत्राला हात लावतो. (एक्सेलच्या साइन-कोसाइनला कोन रेडियन या वेगळ्या एककात लागतो, अंशात नाही. तिथे चुकलात तर निदान उत्तर भलतंच येऊन लगेच कळतं.)

नकाशावर पट्टी लावून तर अंतर मोजूच नका. भिंतीवरचा मर्केटर नकाशा ध्रुवाकडे ताणत जातो. त्यावर ट्रोम्सो–लाँगइयरब्येन हे अंतर मुंबई–दिल्लीच्या जवळजवळ तिप्पट दिसतं. प्रत्यक्षात मुंबई–दिल्ली साधारण 1,150 किलोमीटर, म्हणजे तेच जास्त.

'एक अंश म्हणजे 111 किलोमीटर' हे शाळेतलं गणित अक्षांशाला चालतं, रेखांशाला फक्त विषुववृत्तावर. लाँगइयरब्येनला रेखांशाचा एक अंश जेमतेम 23 किलोमीटर भरतो. ट्रोम्सोहून पूर्वेला किर्केनेस बघा: दोन्ही जवळपास एकाच अक्षांशावर, मध्ये 11 अंश. सरळ 111 ने गुणलंत तर बाराशेच्या वर जाल. खरं अंतर सव्वाचारशेच्या आसपास.

आता वेळ. 960 ला ताशी 800 ने भागून सव्वा तास धरतात, पण वेळापत्रकात साधारण 1 तास 40 मिनिटं दिसतात. धावपट्टीपर्यंत जाणं, चढण, उतरण, वारा हे सगळं त्यात आलं. एखाद्या साइटवर 518 दिसलं तर दचकू नका, ते सागरी मैल आहेत. घड्याळ मात्र बदलायला नको, दोन्हीकडे नॉर्वेचीच वेळ.

ओस्लोहून येणारी काही विमानं ट्रोम्सोला थांबून पुढे जातात. तिथे सगळ्यांना उतरून पासपोर्ट दाखवावा लागतो, कारण स्वालबार्ड नॉर्वेचंच असलं तरी शेंगेनच्या, म्हणजे आपापसात पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी म्हणूनच दोनदा प्रवेशाचा व्हिसा काढावा. एकदाच प्रवेशाचा असला तर बेटावर पोचाल, पण नॉर्वेच्या मुख्य भूमीवर परत शिरताना अडाल.

आणि भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र ज्या न्यू-ओलेसुंडला आहे, ते लाँगइयरब्येनहून फक्त 110 किलोमीटर. अंतर बघून टॅक्सीचा विचार डोक्यात आला असेल तर सोडा. मध्ये रस्ताच नाही. छोट्या विमानात जागा मिळते का, ते आधी बघा.